आतलं नाव, बाहेरचं नाव

"मुलं किती तुम्हाला?" मी विचारलं.

स्टॉलवर उभं राहून बाई बाईशी जे बोलते, तेच मी बोलत होते. नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन लागलं होतं. जानेवारीची थंडी, संध्याकाळचे साडेसहा. एकीकडून तर्री-पोह्यांचा वास येत होता, दुसरीकडून घाण्यावरच्या तेलाचा, आणि या दोन वासांच्या मध्ये एका लहानशा टेबलावर फिनेलच्या बाटल्या, मोहफुलाचे लाडू, हातसडीचे तांदूळ आणि बांबूच्या टोपल्या मांडलेल्या. वर कापडी फलकावर नुसतं 'गडचिरोली' लिहिलेलं. बाई माझी फिनेलची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळत होती. वय अठ्ठावीस असेल किंवा पस्तीस, उन्हात आणि पावसात चाललेल्या चेहऱ्यावरून ते सांगता येत नाही. माझा प्रश्न ऐकून तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. बाटलीच्या मानेशी कागदाला नीट पीळ देत, खाली बघूनच ती म्हणाली, "होतील ना आता."

शेजारच्या खुर्चीवर बसलेला तिचा नवरा उठला आणि पाणी आणायला म्हणून निघून गेला. गटाबरोबर आलेल्या एक ताई मला जरा बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, हे दोघं सरेंडर झालेले आहेत." आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी पैसे दिले, बाटली घेतली आणि घरी आले. जेवणात लक्ष लागलं नाही. आत, म्हणजे जंगलातल्या नक्षलवाद्यांबरोबर असताना लग्न करता येतं, पक्षाची परवानगी घेऊन करता येतं, पण त्याआधी पुरुषाची नसबंदी होते, हे मी कितीदा तरी वाचलेलं होतं. चालत्या दलमात, म्हणजे बंदूकधारी तुकडीत, मूल सांभाळणार कोण, हा त्यामागचा हिशेब. बाहेर आल्यावर अनेक जोडपी घराच्या आणि रेशन कार्डाच्या बरोबरीने एक गोष्ट मागतात, ती नस पुन्हा जोडून द्या. तशा शस्त्रक्रिया झाल्या आहेत, काही घरांत पाळणेही हलले आहेत. हे सगळं ठाऊक असलेल्या माझ्या तोंडून तो प्रश्न गेला होता. "होतील ना आता" या तीन शब्दांत किती वर्षांची पायपीट, किती फायली आणि दवाखान्याच्या किती चकरा होत्या, ते रात्रभर डोक्यातून जाईना.

माझं लहानपण गडचिरोलीतल्या आलापल्लीत गेलं. बाबा वनखात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने मारलेले नंबर, ओल्या भुशाचा आंबूस वास, मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या मैदानावर, रांगेने वाळत घातलेले पुडे, एवढं त्या गावाचं मला अजून जसंच्या तसं आठवतं. पुड्याला भाव वाढवून मिळाला तो दादालोकांमुळे, म्हणजे नक्षलवाद्यांमुळे, असं तेव्हा सगळे म्हणत, आणि ते म्हणताना आवाज आपोआप खाली जाई. आमच्याकडे धान कांडायला आणि अंगण सारवायला एक माडिया आदिवासी बाई यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिची थोरली मुलगी 'आत' गेली होती. जंगलात गेली, दलमात गेली, असं कुणी म्हणायचं नाही. आत गेली, एवढंच. जणू आमचं गाव, डेपो, शाळा, बाजार हे सगळं अंगण आहे आणि खरं घर तिकडे कुठेतरी झाडांच्या मागे आहे. मावशीच्या झोपडीच्या दाराला आतून कडी नव्हती. होती ती तिने काढून टाकली होती. रात्री पोरगी आली आणि दार लागलेलं दिसलं तर माघारी जाईल, म्हणून. त्या बिनकडीच्या दारातून पोलीसही येत आणि दादालोकही येत. पोरगी तेवढी आली नाही.

नागपूरचा पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एसटीने यायचा. कुठे चकमक झाल्याचं कानावर आलं की मावशी काम टाकून ओट्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसायची. बाबा मोठ्याने वाचायचे. 'एक अनोळखी महिला नक्षलवादी ठार, वय अंदाजे वीस ते पंचवीस, अंगावर हिरवा गणवेश.' मावशीला वयाशी आणि गणवेशाशी काही घेणं नसे. तिची मुलगी लहान असताना उकळत्या पेजेच्या हंड्यापाशी पडली होती, डाव्या पावलावर भाजल्याचा मोठा डाग होता. ती एकच गोष्ट विचारायची, "पायाचं काही लिवलं आहे का जी?" बाबा उगाचच पान उलटायचे, जिथे काहीच नाही हे त्यांना माहीत असायचं तिथे दोन ओळी वाचल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "नाही, पायाचं काही नाही." ती उठायची, पदराने तोंड पुसायची आणि उरलेलं अंगण सारवायला घ्यायची. आमची बदली झाली तेव्हा मी सातवीत होते. त्या मुलीचं पुढे काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

'अनोळखी महिला' हे दोन शब्द पेपरात दिसले की आजही माझी नजर पुढच्या ओळीत पाय शोधते.

आत गेलं की पहिल्यांदा नाव जातं. नवं नाव मिळतं, कधी तेलुगू वळणाचं, कधी एखाद्या आधीच्या मेलेल्या साथीचं. घरचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे गाव सापडत नाही आणि घरच्यांना त्रास होत नाही. दुसऱ्या दलमात बदली झाली तर आणखी एखादं नाव. पोलिसांच्या फायलीत मग ही सगळी नावं 'उर्फ'ने एकमेकांना बांधली जातात. १ जानेवारी २०२५ ला गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर आणखी दहा जणांबरोबर बाहेर आलेली विमला सिडाम उर्फ तारक्का अहेरी भागातली, १९८०च्या दशकात गेलेली. पक्षाच्या दंडकारण्य विशेष विभागीय समितीपर्यंत चढलेली ही बाई, पण बातम्यांत तिची ओळख 'भूपतीची पत्नी' अशीच जास्त वेळा आली. हा नवरा, पक्षाचा मोठा नेता, तिच्या मागून नऊ महिन्यांनी आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये, साठ जणांना घेऊन. तेव्हा पहिल्या पानावर मोठा फोटो त्याचा. मी तो फोटो बघत बसले होते आणि मनात येत होतं, आधी बाहेर पाऊल कुणी टाकलं? बाहेर काय आहे हे माहीत नसताना, चाळीस वर्षांचं आयुष्य मागे टाकून येणं कुणाला जमलं? त्या दोघांमध्ये काय बोलणं झालं असेल नसेल, ते मला माहीत नाही. पण गडचिरोलीतल्या कितीतरी घरांत क्रम हाच आहे, आधी ती, मग तो.

बाया आत का गेल्या याचं उत्तर बाहेरच्या लोकांना एका वाक्यात हवं असतं. कुणी म्हणतं बंदुकीचा धाक, कुणी म्हणतं विचार. मला ज्या दोन-तीन जणी बोलताना भेटल्या, त्यांच्या बोलण्यात गाणं आधी आलं. आतल्यांच्या चेतना नाट्य मंचाचं पथक गावात यायचं, ढोल वाजायचा, त्यांच्याच वयाच्या पोरी रांगेत नाचत माडियात गाणं म्हणायच्या आणि कुणाच्या बापाची त्यांना 'बस खाली' म्हणायची छाती नसायची. कुणाचं आत्याच्या मुलाशी जबरदस्तीने लग्न ठरलं होतं. कुणाच्या भावाला पोलिसांनी मारहाण केली होती. आणि एकीने जे सांगितलं ते मी आधी कुठेच वाचलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत गावाबाहेरच्या कुर्माघरात बसायचं, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली, सापाच्या भीतीने अर्धी रात्र जागत. आत गेल्यावर ते सुटलं. तिथे त्या चार दिवसांतही चालायचंच असतं, पहारा द्यायचाच असतो, पण कुणी तुला वेगळं बसवत नाही. आता बाहेर आल्यावर गडचिरोलीच्या वसाहतीत ती बसत नाही. गावी गेली तर मात्र बसते. "आई म्हणते ना," एवढंच म्हणाली. सोळाव्या वर्षी ज्या झोपडीतून निघून ती रायफलीपर्यंत गेली, त्याच झोपडीत पस्तिसाव्या वर्षी आईच्या शब्दाखातर चार दिवस काढते. याला हार म्हणू की माया, मला ठरवता येत नाही.

सरकारी कागदावर या सगळ्याला आत्मसमर्पण म्हणतात. महाराष्ट्रात २००५ पासून त्याची योजना आहे, सातशेहून जास्त माणसं तिच्यातून आली आहेत, हुद्द्याप्रमाणे पैसे, घर, आधार कार्ड, बँकेचं खातं. बोलीत म्हणतात सरेंडर. बाया स्वतः म्हणतात, "बाहेर आली." मला हा शब्द जास्त खरा वाटतो. देवापुढे ठेवायचं ते समर्पण, हे मी आईकडून ऐकत वाढले, आणि या मुलींनी एका आयुष्यात ते कितीदा करायचं? घराला केलं, पक्षाला केलं, आता शासनाला करा.

एक गोष्ट मला पचत नाही, तीही सांगते. सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेव आहे. त्या पहाडातलं लोखंड कुणाला नेऊ देणार नाही, हे आतल्या गाण्यांमधलं मोठं वचन होतं. २०१६च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, तिथे उभे असलेले ट्रक रांगेने जाळले गेले. आज पहाड खणला जातो आहे आणि त्याच लोखंडावर चालणाऱ्या कोनसरीच्या कारखान्यात बाहेर आलेल्या स्त्री-पुरुषांना नोकऱ्या मिळाल्या आहेत. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्याला हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र, आणि त्या ओळखपत्रावर घरचं नाव. मी पहाडाच्या बाजूची आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पगार जमा झालेल्या बाईला मी पहाडाची गोष्ट ऐकवावी, एवढा हक्क मला कुणी दिला? हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं, आणि मी ते तसंच राहू दिलं आहे.

चौथ्या दिवशी मी पुन्हा प्रदर्शनात गेले. माफी मागायची होती, पण माफी कशी मागायची ते कळत नव्हतं, म्हणून पातोडीचा रस्सा आणि भाकरी घेऊन गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. ती मला बघून "जोहार" म्हणाली. स्टॉलच्या मागे सतरंजीवर बसून आम्ही जेवलो. ती भराभर जेवत होती, खाली बघत, ताट मांडीजवळ ओढून, पाच मिनिटांत संपवून हात धुऊन मोकळी. मग माझ्याकडे बघून जरा लाजली. "आदत आहे," म्हणाली. मी काही विचारलं नाही. विचारून एकदा चुकले होते. तीच बोलायला लागली, अडखळत्या मराठीत, मध्येच माडिया शब्द पेरत.

तिच्या बाजूला झोपणारी एक जण होती. एका झिल्लीखाली, म्हणजे प्लास्टिकच्या कापडाखाली, दोघी तीन पावसाळे झोपल्या. एका नाल्याच्या काठावर गोळीबार झाला आणि ती पडली. प्रेत उचलता आलं नाही. "पेपरात आली असंन," ती म्हणाली, "पण कोणत्या नावानं?" बाहेर आल्यावर पहिलं वर्ष हिला झोप येत नसे. त्या मैत्रिणीचं आतलं नाव तेवढं हिला माहीत होतं. घरचं नाव कधी विचारलं नव्हतं, विचारायचं नसतंच. पण रात्री कुजबुजताना ती मैत्रीण दोन गोष्टी बोलली होती. गावात हातपंपाशी वाकडी चिंच आहे, आणि बाप बैलबंड्यांची चाकं दुरुस्त करतो. एवढ्या पत्त्यावर ही आठवडी बाजार फिरली. मोहफूल विकायला आलेल्या बायांपाशी बसायची, तंबाखूची देवाणघेवाण करायची आणि वाकड्या चिंचेचं विचारायची. तिसऱ्या की चौथ्या बाजारात गाव सापडलं. मग घर सापडलं. आई जिवंत होती.

"मंग?" मी विचारलं.

"म्हातारीनं आधी मले मारलं," ती म्हणाली. "काठीनं. पाठीवर. तू जिती कायले, म्हणून. मंग जेवाले वाढलं."

जेवताना तिने म्हातारीला सगळं सांगितलं. कोणता नाला, कोणता महिना, किती वाजले असतील, शेवटचं काय खाल्लं होतं. म्हातारीने आतलं नाव दोन-तीनदा म्हणून बघितलं, पोरगी त्या नावाला ओ द्यायची का, असं विचारलं. मग घरचं नाव हिला सांगितलं. माडियांमध्ये मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. पण मेल्याचं नक्की कळल्याशिवाय दगड कसा उभा करणार? इतकी वर्षं तो दगड अडला होता. त्या उन्हाळ्यात उभा राहिला. ही गेली होती.

अशी चार घरं झाली, म्हणाली. आतलं नाव आणि घरचं नाव यांची जोडणी करत ही बाई आणि तिच्यासारख्या आणखी एक-दोघी फिरतात. त्यांना त्यासाठी कुणी पाठवलेलं नाही, त्याचा भत्ता नाही, फलक नाही. २२ एप्रिल २०१८ ला इंद्रावतीच्या काठी कसनासूर-बोरियाला चकमक झाली, पुढचे दोन दिवस नदी प्रेतं वर सोडत होती, त्या सगळ्या धुमश्चक्रीत चाळीस जण गेले. बातम्यांत पुन्हा तेच शब्द, 'ओळख पटवण्याचं काम सुरू'. ओळख पटवू शकतील अशी माणसं आता गडचिरोलीतच आहेत, फिनेल विकत आहेत, भिंतीवरचं घड्याळ बघून कारखान्याच्या पाळीला निघत आहेत. नेपाळात २००६ मध्ये माओवाद्यांशी करार झाला आणि छावण्यांमध्ये माणसं मोजली तरी गेली, १९,६०२ लढवय्ये, त्यातल्या ३,८४६ बाया. पुढे त्यांचं सगळं चांगलंच झालं असं नाही, सैन्यात घेतल्या गेल्या त्या शंभरेकच. पण मोजल्या गेल्या, नावानिशी. आपल्याकडे करार नाही, समोरासमोर बसायचं टेबल नाही, तेव्हा मोजायचं काम वाकड्या चिंचेचा पत्ता विचारत करावं लागतं.

मी तिला आणखी एक विचारलं, जे विचारणं भाग होतं. ज्यांना तुमच्या लोकांनी मारलं, त्यांच्या घरी? खबरी ठरवून मारलेल्या आदिवासींची यादी या जिल्ह्यात फार मोठी आहे. आणि २१ मे २००९ ला हत्तीगोट्याला सोळा पोलीस मारले गेले, त्यात पाच मुली होत्या, त्यांनाही आया होत्या. ती बराच वेळ सतरंजीचा धागा ओढत राहिली. एक घर आहे, म्हणाली. त्या माणसाला सभेत उभं केलं तेव्हा ही बंदूक घेऊन कडेला पहाऱ्यावर होती. त्याची बायको अजून त्याच गावात आहे. "तिकडं जाणं नाही झालं अजून. दोन वेळा नाक्यापर्यंत गेली. मंग गाडी आली, बसली, वापस आली." मी तिला धीर दिला नाही. तो देणं माझ्या हातात नव्हतं, ते त्या नाक्यापलीकडच्या बाईच्या हातात आहे. छत्तीसगडमधल्या जगदलपूरला नोव्हेंबर २०२५ मध्ये 'पंडुम कॅफे' सुरू झाला, तिथे बाहेर आलेली पोरं आणि नक्षली हिंसेची झळ लागलेल्या घरांतली पोरं एकाच स्वयंपाकघरात काम करतात, एवढं मी तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकमेकाच्या हातचं खातात?"

तिकडेच, दंतेवाड्यात, २०१९ साली महिलांचं एक पोलीस पथक उभं राहिलं, दंतेश्वरी फायटर्स, आणि त्यात बाहेर आलेल्या काही जणीही आहेत. त्यांचे गणवेशातले फोटो मी पाहिले आहेत. त्या मुलींच्या हातात पुन्हा बंदूक आलेली पाहून मला बरं वाटलं नाही. इथे सतरंजीवर बसून बाजारातल्या चिंचेची गोष्ट सांगणारी बाई मला त्या फोटोपेक्षा फार मोठं काम करताना दिसत होती.

ऊन कलायला लागलं तशी गर्दी सुरू झाली. तिचा नवरा टेबलावर येऊन बसला, सुट्टे पैसे मोजायला लागला. त्याने या वेळी माझ्याकडे बघून मान हलवली. मी डबा आवरला, चप्पल शोधली. तेवढ्यात तिने टेबलाखालून पावती पुस्तक काढलं आणि उलटं करून मागचं पान उघडलं. कार्बनच्या निळ्या डागांच्या मध्ये पेन्सिलीने नावं लिहिलेली होती, एकाखाली एक. अक्षर मोठं, काना-मात्रा जपून दिलेल्या. अक्षरं तिला आतच कुणीतरी शिकवली होती, कंदिलाच्या उजेडात. मला क्षणभर वाटलं, ही त्या गेलेल्यांची यादी. पण नावं वेगळीच होती. आर्या, स्वरा, श्रेयस, निधी, पुन्हा एकदा आर्या.

"सगळ्याइले विचारते," ती म्हणाली, आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. "ताई, तुमच्या पोरायची नावं काय जी?"